राजा पाळण्यात जातो

जगात पुस्तकं वाचणारी माणसं पुष्कळ झाली, पुढंही होतील. पण छापून, शिवून, पुठ्ठा लावून आलेल्या धडधाकट पुस्तकाला पान-पान करत परत आईच्या पोटात घालणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. साडू हे नातं देवानं केलेलं नाही. देवानं भाऊ केले, मामे केले, अगदीच वेळ होता म्हणून आतेचुलते केले. साडू हा सासऱ्यांनी केला. जावयाला आपली उंची कळावी म्हणून शेजारी एक उंच माणूस उभा करून ठेवण्याची ती युक्ती आहे. आमच्या सासऱ्यांनी थोरली लेक आधी दिली, धाकटी मला नंतर दिली, आणि दोन्ही जावई एका पंगतीला बसल्यावर गरम पोळी कुणाच्या ताटात पडते हे मी उभ्या जन्मात विसरलो नाही.

आमचे सासरे तुळजापूरचे. देवळाकडं उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचं कुंकवाचं आणि कवड्यांच्या माळांचं दुकान. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, तोंडात निम्मं मराठी, निम्मं कानडी, आणि रागावले की सगळंच कानडी. एकुलता मुलगा विशीच्या आत, माझ्या लग्नाच्या आधीच, प्लेगात गेला. पुढं दुकानात दोन जावयांची ये-जा जास्त झाली, आणि मोतीबिंदूनं डोळे गेल्यावर त्यांना एकच गोष्ट लागायला लागली: दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की ओट्यावर बसून कुणीतरी वाचून दाखवायचं. आता कुणी वाचायचं? मी सोलापूरला मामाकडं राहून मराठी सातवी फायनल झालेलो. आवाज असा की कापडाच्या दुकानात मी भाव सांगितला तर समोरच्या दुकानातलं गिऱ्हाईक घासाघीस करायचं. साऱ्या तुळजापुरात ऱ्हस्व-दीर्घ पाळून बोलणारा दुसरा माणूस दाखवावा. पण ओट्यावरची ती घोंगडीची बैठक मिळाली थोरल्याला. आणि थोरले होते अर्जनवीस.

अर्जनवीस म्हणजे कचेरीबाहेर पेटी मांडून बसायचं आणि लोकांच्या तक्रारी उर्दूत लिहून द्यायच्या. निजामी अंमलात कचेरी उर्दूत चालायची, शाळाही उर्दूतच, त्यामुळं साडूभाऊ लहानपणापासून उर्दूत वाढले. काळी शेरवानी, वर विभूतीचे तीन पट्टे, आणि प्रत्येक गोष्टीला ‘जी’. सासऱ्यांनी हाक मारली की ‘जी’, बायकोनं मारली तरी ‘जी’, एकदा म्हैस हंबरली तेव्हाही त्यांच्या तोंडून ‘जी’ गेलेलं मी स्वतः ऐकलंय. मराठी अक्षर ते पुढं आईच्या हट्टानं शिकले. ओळ बरोबर डावीकडून उजवीकडं वाचायचे, पान बरोबर वरून खाली वाचायचे. पण उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतं, आपल्या हिशोबानं मागून. हात त्याच सवयीचा. मराठी पुस्तक हातात आलं की साडूभाऊ ते मागून उघडायचे, शेवटचं पान वाचायचे, बोटाला थुंकी लावून उलटायचे, मग त्याच्या अलीकडचं, मग त्याच्या अलीकडचं, असं करत करत मुखपृष्ठापर्यंत यायचे आणि समाधानानं म्हणायचे, “संपलं.”

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, आता आपलं नशीब उघडलं. चारचौघांत मी त्यांना सांगितलं, “साडूभाऊ, तुम्ही पुस्तक उलटं वाचताय.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. “धाकले, कचेरीत आधी काय वाचतात? फैसला. मग फिर्याद. फैसला ठाऊक नसताना फिर्याद वाचणं म्हणजे अंधारात कोथिंबीर निवडणं.”

ओट्यावरची मंडळी हसली. सासरे तर एवढे हसले की मांडीवरची कवड्यांची माळ सुटली, आणि त्या कवड्या वेचायला वाकलं कोण, तर मी.

बरं, माणसाचा सगळा कारभारच तसा. अर्ज लिहायच्या आधी पक्षकाराचा अंगठा कोऱ्या कागदावर तळाशी घ्यायचे आणि मग विचारायचे, “हां, आता बोल, तक्रार काय?” सासुरवाडीला जेवायला बसले की आधी विडा मागायचे, मग दहीभात, आणि शेवटी पुरणपोळी. सासूबाई बिचाऱ्या त्यांच्यासाठी पोळी तव्यावर ताटकळत ठेवायच्या. मला ती सुरुवातीलाच वाढली जायची, पण पंगतीच्या गडबडीत निवलेली. त्यांना मात्र शेवटी, तूप सोडून, गरम. उलटं वागून माणसाचा एवढा फायदा होतो हे सातवी फायनलच्या एकाही पुस्तकात नव्हतं.

लोक एकमेकांना भेटले की पाऊसपाणी विचारतात. आमच्या आळीत लोक विचारायचे, “सध्या थोरले जावई काय वाचतायत?” आणि हे मलाच विचारायचे. मी स्वतः तेव्हा काय वाचत होतो याची चौकशी कुणी केली असेल तर ती आमच्या वाण्यानं, आणि तीही पुड्या बांधायला रद्दी निघेल का म्हणून. आमच्या घरात तर कहर. मी पलंगावर पुस्तक घेऊन बसलो की बायको दिवा माझ्या जवळून उचलून न्यायची आणि म्हणायची, “दाजींनी नवीन काहीतरी काढलंय म्हणं. काय हाय हो?”

“मी पण नवीन काढलंय,” मी म्हणायचो.

“तुमचं वाचणं चांगलंच हाय. पर त्याला पुस्तकाचा वास येतो.”

आता पुस्तकाला पुस्तकाचा वास येणार नाही तर काय शेवग्याच्या शेंगांचा येईल? पण हे मी मनात म्हणालो. बायकोशी वाद घालायचा तर तो शेवटापासून सुरू करावा लागतो, आणि ती कला आमच्या घरी नव्हती.

कादंबरीचं तर विचारू नका. पान मागून पुढं वाचायचं म्हटल्यावर एका पानाच्या तळाचं वाक्य त्याच्या अलीकडच्या पानाच्या माथ्याला जाऊन जुळायचं. एका दुपारी साडूभाऊ गंभीर आवाजात वाचत होते, “राजकन्या रडत रडत घोड्यावरून उतरली आणि,” इथं पान संपलं, बोटाला थुंकी, पान उलटलं, “सकाळ-संध्याकाळ दोन शेर दूध देत असे.”

मी मांडीवर थाप मारायला हात वर केला. म्हटलं, आता तरी लोकांना कळेल. पण ओट्यावर कुणी हललं नाही. सासरे मान डोलावत कानडीतून होकार देत म्हणाले, “हौद, हौद. खानदानी असंल.” शेजारचा तांबोळी म्हणाला, “दुःखात बी देत व्हती म्हंजी बघा.” माझा हात हवेतच राहिला, शेवटी मी त्यानं माशी हाकलली.

एका श्रावणात आमच्या दोघांत सरळ सामना झाला. मी महादेवाच्या देवळात पोथी लावली, पहिल्या अध्यायापासून, रीतसर, मंगलाचरणासकट. साडूभाऊंनी तीच पोथी दुकानाच्या ओट्यावर लावली. पोथीची पानं सुटी, तरी यांनी गठ्ठा पालथा घालून सुरुवात केली ती फलश्रुतीपासून. ही पोथी जो ऐकेल त्याला पुत्र, धन, आरोग्य, आणि शेवटी कैलास, हे सगळं त्यांनी पहिल्याच दिवशी वाटून टाकलं. समाप्तीचा अध्याय झाला म्हणून प्रसादही पहिल्याच दिवशी. बायकांना हे फार सोयीचं झालं. पुढं खुरपणी निघाली, शेतावर जावं लागलं, तरी कुणाची फिकीर नव्हती. फळ पदरात होतं, झाड सवडीनं लावायचं. माझ्याकडं शेवटपर्यंत टिकल्या त्या दोन बहिऱ्या म्हाताऱ्या आणि एक शेळी, आणि शेळीसुद्धा बेलाच्या पानांसाठी. समाप्तीच्या दिवशी मी फलश्रुती वाचायला घेतली तर त्यातली एक म्हातारी उठली. “हे घेतलंय म्या,” ती म्हणाली. “थोरल्या जावयाकडं.”

पण माझ्या काळजाला खरा चटका बसला तो करोडगिरी नाक्यावर. सोलापूर इंग्रजांच्या मुलखात, आम्ही निजामाच्या. मध्ये जकातीचा नाका, त्याला करोडगिरी म्हणत. तिथं मराठी पुस्तकांवर फार नजर, त्यातून इतिहास असला तर विचारायलाच नको. आम्ही दोघं सोलापूरहून येत होतो. साडूभाऊंच्या हातात, उघड्यावर, एका पराक्रमी राजाचं जाडजूड चरित्र होतं. ते मागवलं होतं सासऱ्यांनी. मी शहाणा, माझं पुस्तक धोतराच्या घडीत लपवलेलं. नाक्यावरच्या शिपायानं साडूभाऊंचं पुस्तक घेतलं. शिपाई उर्दू शाळेचाच, त्यानंही ते मागून उघडलं. शेवटच्या पानावर केस वाढवायच्या तेलाची जाहिरात, आणि लांब केसांच्या बाईचं चित्र.

“ये क्या, तेल की किताब है?” शिपायानं विचारलं.

“जी,” साडूभाऊ म्हणाले.

शिपायानं टोपी काढून डोकं खाजवलं. डोक्यावर खाजवायला अडथळा कसलाच नव्हता. “फायदा होता है?”

“जी, शुरू में नहीं. आखिर में होता है.”

त्यानं पुस्तक अदबीनं परत केलं. मग माझी झडती घेतली. लपवलेलं सापडलं म्हटल्यावर ते भयंकरच असणार, म्हणून माझं पुस्तक जप्त झालं आणि मला दुपारभर उन्हात बसवून ठेवलं. ते मराठी व्याकरण होतं.

तर त्या राजाचं चरित्र ओट्यावर वाचून झालं, अर्थातच साडूभाऊंच्या पद्धतीनं. मी रोज जायचो, कारण मत्सरी माणसासारखा नेमानं येणारा श्रोता नाही. राजाची चिता विझली, राजा आजारातून उठून बसला. जिंकलेले किल्ले एकेक करून शत्रूला परत देत चालला. मुकुट उतरवून ठेवला. पडलेले सरदार रणातून उठून, धूळ झटकून घरी आले. राजाची दाढी गेली, मिसरूड गेलं, तो तालमीत गेला, मातीत खेळायला लागला, आणि एका दुपारी आईनं त्याला पाळण्यात निजवलं. साडूभाऊंनी पुस्तक मिटलं. सासरे म्हणाले, “राज्य ग्येलं तर ग्येलं. पोरगं आईपाशी आलं.” आणि तळव्यानं डोळे पुसले.

मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. मला एवढंच दिसलं की म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी थोरल्यानं आणलं.

पुढं संधी आली. एका मोठ्या दाव्यासाठी साडूभाऊंना उस्मानाबादच्या कचेरीत जाऊन राहावं लागलं. धाराशिव म्हणा, आम्ही घरात तसंच म्हणायचो. बैठक रिकामी. मी स्वच्छ धोतर नेसलो, लवंग चघळली, आणि सासऱ्यांना म्हणालो, “मामा, तेच राजाचं चरित्र एकदा रीतीनं ऐका. पहिल्या पानापासून.”

“वाचा की, जावईबापू,” ते म्हणाले.

मी वाचलं. काय वाचलं म्हणून सांगू. राजाचा जन्म वाचला तेव्हा रस्त्यावरून जाणारे यात्रेकरू थांबले. लढाया वाचल्या तेव्हा समोरच्या हलवायानं झारा उगारला. राज्याभिषेकाला मी उभा राहून वाचलं. आमच्या घरातली सुद्धा ऐकायला आली, दाराआड उभी होती, मला पदर दिसत होता. म्हटलं, साडूभाऊ, आता राहा उस्मानाबादला खुशाल. आणि मग चरित्र जिकडं जातं तिकडं गेलं. राजा आजारी पडला. माझा आवाज असा भरून आला की माझं मलाच कौतुक वाटलं. राजा गेला. मी पुस्तक मिटलं आणि सासऱ्यांच्या डोळ्यांकडं पाहिलं. डोळे कोरडे होते. त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

“मामा, आवडलं नाही का?”

“जावईबापू,” ते हळू म्हणाले, “थोरल्यानं वाचलं तवा ह्यो जगला हुता. तुमी मारलासा त्याला.”

“मामा, पुस्तकच तसं आहे. शेवटी तो...”

“शेवट मला ठावं हाय. घरातून न्हेलाय की म्या शेवट. ते ऐकायला पुस्तक कशाला लागतंय?” मग म्हणाले, “थोरले कधी येत्यात?”

प्लेगात गेलेला माझा मेहुणा मी पाहिलेलासुद्धा नव्हता. दुकानात त्याचं नाव कुणी घेत नसे. पण त्या दुपारी मला कळलं की घोंगडीवर बसून माझे साडू इतके दिवस नेमकं काय वाचत होते. साडूभाऊ परत आल्यावर मी आडून विचारलं, “तुम्हाला पुस्तक पुढून उघडता येत नाही, की तुम्ही उघडत नाही?” ते शेरवानीची गुंडी लावत म्हणाले, “जी.” एवढंच. दोन प्रश्नांना मिळून एक ‘जी’. अर्जनवीस माणूस, कोऱ्या कागदावर अंगठा घेतल्याशिवाय जबानी कसा देणार?

मग ते वाईट वर्ष आलं. रझाकारांच्या धाकानं आमच्याकडची घरंच्या घरं हद्द ओलांडून बार्शीकडं निघाली. आम्ही सासऱ्यांना बैलगाडीत घालून पलीकडच्या एका गावी पाव्हण्यांच्या गोठ्यात उतरलो. दोघी बहिणी बरोबर होत्या. साडूभाऊ मागंच अडकले. हद्दीवरच्या वाटा बंद झालेल्या, त्यांचा काही निरोप नाही. सासऱ्यांनी तिथं अंथरूण धरलं. अन्न सुटलं. भाकरी विचारली तरी उत्तर एकच, “थोरले आले का?” थोरली लेक तोंड फिरवून चुलीशी जायची, आणि धूर नसतानाही डोळे चोळायची.

एका दुपारी आमच्या बायकोनं वळकटीतून काहीतरी काढून माझ्या मांडीवर ठेवलं. ते राजाचं चरित्र होतं. सगळं घर मागं टाकून आलो, तांब्या-पितळ मागं टाकलं, आणि हिनं हे बांधून आणलं होतं. मी पुस्तक हातात घेतलं, पहिलं पान उघडलं, सासऱ्यांकडं पाहिलं, आणि मिटलं. मग ते फिरवलं. तेलाची जाहिरात आली, लांब केसांची बाई आली. बोटाला थुंकी लावली आणि शेवटच्या पानापासून सुरुवात केली.

सांगायला सोपं, पण रीतीनं वाचणाऱ्या माणसाला ते फार कठीण. वाक्यं मध्येच तुटतात, जीभ अडखळते, ऱ्हस्व-दीर्घ हरवतात. माझा घडवलेला आवाज तर पहिल्याच पानाला गेला. राहिला तो साधा, अडखळता. चिता विझली. राजा उठून बसला. पान उलटताना सासऱ्यांचा हात चाचपडत आला आणि माझ्या मनगटावर पडला.

“थोरले,” ते म्हणाले, “आलासा व्हय?”

उभ्या जन्मात मला आत्ता कुठं ती बैठक खरी मिळाली होती. वाचत मी होतो, हात माझा धरलेला होता. शेजारी बायको पाण्याचं फुलपात्र घेऊन उभी, तिनं माझ्याकडं पाहिलं.

“जी,” मी म्हणालो.

“मंग वाचा,” ते म्हणाले.

पुढचे काही दिवस मी वाचत राहिलो. एका संध्याकाळी बायकोनं आपण होऊन विचारलं, “राजाचं पुढं काय झालं हो?” एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. मी म्हणालो, “पुढं नाही, मागं काय झालं असं विचार.” ती हसली, आणि दिवा माझ्याजवळ सरकवला. राजा पाळण्यात गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सासरे गेले. आम्हा लिंगायतांत माणसाला निजवत नाहीत, बसवून माती देतात. मांडी घातलेले, हातात लिंग, मान जराशी पुढं. दुपारी ओट्यावर ऐकायला बसायचे तसेच दिसत होते.

वाटा मोकळ्या झाल्या तेव्हा साडूभाऊ आले. अंगात शेरवानी नव्हती, आणि फार वाळले होते. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “धाकले, कुठवर आलं होतं?”

“पाळण्यापर्यंत.”

“कुठल्या बाजूनं?”

“तुमच्या.”

त्यांनी मान हलवली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात मी अजून त्यांना परत केलेला नाही.

आता कचेरी मराठीत चालते. अर्जनविसाच्या पेटीवर साडूभाऊंची नात भातुकली मांडते. ऐकणारं कुणी उरलं नाही म्हणून की काय, हा माणूस उतारवयात पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला लागलाय, मुकाट्यानं, ओठसुद्धा न हलवता. मला ते बघवत नाही. वाचनालयातून आम्ही दोघांत मिळून एक पुस्तक आणतो. सकाळी ते पुढून वाचतात, दुपारी मी मागून वाचतो. मध्ये कुठंतरी एका पानावर आमची गाठ पडते. त्या दिवशी त्यांच्या ओट्यावर चहा होतो. माझ्या बाजूची माणसं तोवर जिवंत झालेली असतात, त्यांच्या बाजूची अजून मेलेली नसतात, आणि त्या एका पानावर सगळे सुखरूप असतात.

तरीही चहा आधी कुणाच्या हातात येतो ते मी सांगत नाही.